ऐन ट्रॅफिकच्या टायमाला शंभर-दोनशे सायकली एकदम रोडवर उतरवून सायकलवाल्यांचं खरंच भलं होते का?

फाट्यावरचा_पंप (यवतमाळ जिल्हा)

मंडळी, एक विचारायचं होतं, जरा लांबेल पण वाचा. आमच्या तालुक्याच्या गावात सायकलचा एक छोटा ग्रुप आहे, दोन मास्तर, एक मेडिकलवाला, बँकेतले एक साहेब आणि कॉलेजचे काही पोट्टे, पहाटे पहाटे फिरतो आम्ही. आता नागपूरच्या ओळखीच्या ग्रुपचा निरोप आला की महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी संध्याकाळी सहाला, म्हणजे ऐन ऑफिस सुटायच्या वेळेला, सगळ्यांनी मिळून सीताबर्डीतून व्हरायटी चौक करत राइड काढायची, जेवढे जास्त तेवढं चांगलं, तुम्ही पण पिकअपमध्ये सायकली टाकून या. तिथंवर ठीक. पण आमचे पोट्टे आता म्हणून राहिले की नागपूरला कशाला, आपल्याच गावात बाजाराच्या दिवशी एसटी स्टँड ते हायवे फाटा असा रोड भरून टाकू, अर्धा तास सगळं जाम झालं की साहेब लोक आपोआप जागे होतील.

मला हे पटतही आहे आणि भीतीही वाटते. आमचा खरा त्रास शौकीन सायकलवाल्यांचा नाहीच आहे. आजूबाजूच्या पाच-सहा खेड्यांतल्या पोरी हायवेनं सायकलीवर शाळेत येतात. त्या रोडला डांबराची कड आणि बाजूची साइडपट्टी यात चार बोटांची खाच आहे, काही ठिकाणी वीतभर. मागून ट्रकचा हॉर्न वाजला की पोरगी खाली उतरते, ट्रक गेला की परत डांबरावर चढायला जाते, पुढचं चाक त्या कडेला घासत जाते आणि सायकल आडवी होते. पावसाळ्यात तर खाली उतरायची सोयच नाही, मुरूम कधीचाच वाहून गेला, आता नुसती काळी माती, ती मडगार्डात अशी घट्ट भरते की चाकच फिरत नाही, मग दप्तर पाठीवर घेऊन सायकल ओढत न्यायची. अर्ज दिले, निवेदनं दिली, पोचपावत्या सगळ्या फाइलला लावून ठेवल्या आहेत.

तर प्रश्न असा की अशी मोठी राइड काढून असं काही पदरात पडते का, का लोक फक्त चिडतात? कोणी केली असेल, पाहिली असेल, तर मनापासून सांगा.

बर्डी_ते_हिंगणा (नागपूर)

दादा, या शुक्रवारच्या राइडमागे जे लागले आहेत त्यात मी पण आहे, तेव्हा माझी बाजू उघड आहे. आमच्याकडे रविवारच्या पहाटेच्या राइड भरपूर होतात, फुटाळा, अंबाझरी, वाडीच्या पुढे, पण त्या वेळेला रोडवर असतं कोण? कुत्रे आणि पेपरवाले. आम्ही सायकल चालवतो हे शहराला माहीतच नाही. शहराला दिसायचं असेल तर ज्या वेळेला शहर रोडवर आहे त्याच वेळेला जावं लागते, याला दुसरा इलाज नाही.

आणि लोक चिडतात हे अर्धंच खरं आहे. ज्याला एकट्यानं व्हरायटी चौकातून सायकल काढायची हिंमत होत नाही असा माणूस साठ-सत्तर जणांच्या मधात आरामात जातो. आमच्या ऑफिसातल्या एक मॅडम आहेत, लॉकडाऊनमध्ये घेतलेली सायकल पार्किंगमध्ये धूळ खात होती, एकदा ग्रुपसोबत आल्या आणि आता घर ते ऑफिस एकट्या येतात, कारण त्यांना रस्ता कळला, कुठल्या चौकात कुठल्या लेनला राहायचं, बस डावीकडे घुसते तेव्हा काय करायचं हे सगळं पुढच्याच्या मागे राहून शिकता येते. हे काम कुठलंच पोस्टर करू शकत नाही.

याला अभ्यासाचाही आधार आहे. पीटर जेकबसन म्हणून एकानं २००३ मध्ये वेगवेगळ्या शहरांची आणि देशांची आकडेवारी लावून दाखवलं होतं की जिथं पायी आणि सायकलनं जाणारे जास्त, तिथं एकेका माणसामागचा धोका कमी. ड्रायव्हरला सायकल दिसायची सवय लागते आणि तो आपोआप सांभाळतो, असं त्यानं त्याचं कारण दिलं. केंद्रानं २०२० मध्ये सायकलसाठी शहरांचं चॅलेंज काढलं, त्यात नागपूर पण होतं, पण स्पर्धेचा जोर स्पर्धेपुरता असतो, विषय जिवंत ठेवायचा तर माणसं रोडवर दिसत राहिली पाहिजेत. तुम्ही या, बघा, मग तुमच्या गावाचं ठरवा.

काळ्या_मातीतला

भाऊ मी आर्णीकडचा, शेती करतो, मले जे वाटते ते लिहितो, राग नका मानू. आमच्या गावातून रोज पाहाटी दूधवाला दोन्हीकडून कॅन लटकवून सायकलनं तालुक्याले जाते. सोमवारी बाजाराले भाजीवाल्या बायांचे नवरे कॅरियरवर पाट्या बांधून जाते. शाळेतल्या पोट्ट्या जाते. जिनिंगवर कामाले जाणारे मजूर जाते. हे सारे वर्षानुवर्षं ट्रॅफिकमधातच सायकल चालवून राह्यले, त्यायच्यासाठी कधी कोनी झेंडा दाखवला नाही. आता शहरातले लोकं महागाची सायकल न् चकचकीत कपडे घालून रोड भरून टाकतीन न् फोटो छापून येईन, तर साहेबाले वाटन हा हौशी लोकांचा खेळ आहे, यायले तलावाच्या काठानं एक ट्रॅक करून देऊ, झालं काम. न् आमच्या हायवेची खाच तशीच राहीन.

दुसरी गोठ. जाम केल्यावर अडकते कोन? कलेक्टरची गाडी नाही अडकत, तिले दुसरा रस्ता काढून देते. अडकते ग्रामीण रुग्णालयातून रेफर केलेला पेशंट जो मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात चालला, अडकते ऑटोतली बाई जिची शेवटची एसटी सुटून राह्यली. बाजाराच्या दिवशी तं आमच्याइकडे तसंच पाय ठेवाले जागा नसते.

न् सगळ्यात मोठी गोठ हे आहे का, ग्रुप तं घरी निघून जाते. दुसऱ्या दिवशी त्याच रोडवर तो दूधवाला न् ते पोट्टी एकटी असते. काल ज्याचा अर्धा तास गेला तो ट्रकवाला, तो बोलेरोवाला, आज त्या एकटीले पाहून हॉर्न दाबन, चिकटवून गाडी काढन. राग काढाले त्याले तेच सापडन. म्हणून म्हणतो, करा पण कोनाच्या जिवावर करून राह्यलो ते पाहा.

आर्वीचा_बर्लिनात

मी मूळचा आर्वीचा, कामानिमित्त बर्लिनला असतो, इथं दर महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी रात्री आठला मारियानेनप्लाट्झ नावाच्या चौकातून अशीच राइड निघते आणि मी अधूनमधून जातो, म्हणून थोडी मागची माहिती देतो, ठरवायला कामी पडेल.

ही चाल सुरू झाली अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला, सप्टेंबर १९९२ मध्ये. पहिल्या वेळेला पन्नासच्या आसपास लोक होते, ऑफिस सुटल्यावर सगळ्यांनी मिळून घरी जायचं एवढीच कल्पना. क्रिटिकल मास म्हणतात. नेता नाही, संघटना नाही, रूट ठरलेला नाही, पुढचा वळेल तिकडे सगळे. मोठा घोळका सिग्नलला तुटू नये म्हणून चार-पाच जण आडव्या रस्त्याच्या तोंडाशी सायकल लावून उभे राहतात आणि सगळे निघून जाईपर्यंत तिकडची गाडी सोडत नाहीत. खरी भांडणं नेहमी याच जागेवर होतात, आणि मी तिथं उभा राहिलेला आहे. समोरच्या कारवाल्याला जर कोणी हसून सांगितलं की दोन मिनिटं द्या, तर तो काच खाली करून गप्पा मारतो, आणि जर कोणी बोनेटवर हात आपटला तर सगळ्या राइडचं वाटोळं होते.

वाईटही झालं आहे. सॅन फ्रान्सिस्कोतच जुलै १९९७ मध्ये हजारो लोक उतरले, नगर प्रशासनाशी वाजलं आणि शंभरावर लोकांना धरलं. न्यूयॉर्कला ऑगस्ट २००४ मध्ये, एका पक्षाचं राष्ट्रीय अधिवेशन तोंडावर होतं तेव्हा, एका रात्रीत अडीचशेवर अटका झाल्या. ब्राझीलच्या पोर्तो आलेग्रेला फेब्रुवारी २०११ मध्ये एका माणसानं मागून अख्ख्या घोळक्यात कार घातली, लोक हवेत उडाले, त्याचे व्हिडिओ जगभर पाहिले गेले. लंडनला मात्र हे प्रकरण वरच्या कोर्टात गेलं आणि २००८ मध्ये निकाल लागला की ही नेहमीची प्रथा झाली आहे, दर वेळेला पोलिसांना आधी कळवायची गरज नाही.

आता चांगलं उदाहरण. हंगेरीच्या बुडापेस्टला २००४ पासून हे चालू झालं आणि त्यांनी दर महिन्याचा हट्ट न धरता वर्षातून दोनदाच, एप्रिलमध्ये वसुंधरा दिनाला आणि सप्टेंबरमध्ये कारमुक्त दिनाला, मोठी राइड धरली. एप्रिल २००८ च्या राइडला ८० हजारांच्या आसपास लोक होते. पोलीस सोबत, रूट जाहीर, लेकरं, म्हातारे, सगळे, आणि शेवटी सगळे मिळून आपली सायकल डोक्यावर उचलतात. एवढे लोक मतदार आहेत हे नगरपालिकेला मोजायची गरज पडत नाही, दिसतंच.

जर्मनीत तर कायद्यातच सोय आहे. वाहतूक नियमांच्या कलम २७ प्रमाणे पंधरापेक्षा जास्त सायकलवाले एक जथा धरले जातात, दोन-दोनच्या जोडीनं चालू शकतात आणि पूर्ण जथा एकच वाहन समजला जातो, म्हणजे पहिला हिरव्यावर निघाला तर शेवटचाही निघतो. आपल्याकडे असं काही नाही हे लक्षात ठेवा. इथला घोळका आणि तिथला घोळका दिसायला सारखा पण पायाखालची जमीन वेगळी आहे.

एमएच२९_दहाचाकी

मी ड्रायव्हर आहे, वणीकडून कोळसा भरतो, कापसाच्या सीझनमध्ये गाठी. कोणी ड्रायव्हरला विचारत नाही म्हणून लिहून राहिलो.

केबिनमधून काय दिसते ते ऐका. लोडेड गाडी आहे, समोरून दुसरी येऊन राहिली, डाव्या हाताला एकटी सायकल. आरशात ती एकदा दिसते मग डाव्या दारापाशी आली की दिसतच नाही. ती कडेनं जाईल का खाचेत उतरेल का एकदम वर चढेल हे मला माहीत नसते, म्हणून हॉर्न मारतो, आणि हॉर्ननं ती घाबरते हे मलाही कळते, पण हॉर्न नाही मारला आणि ती मधात आली तर गाडी जागेवर थांबत नाही भाऊ, पंचवीस-तीस टन असते मागं. संध्याकाळी दिवेलागणीला तर मागचा लाल रिफ्लेक्टर नसला की जवळ येईपर्यंत माणूस दिसतच नाही, समोरच्याचा डिपर डोळ्यावर असते.

ग्रुपचं सांगतो. वीस सायकली एकामागं एक लांब लाइनीत असल्या की ओव्हरटेक करायला फार मोठा तुकडा लागते, अर्ध्यात समोरून गाडी आली तर आत घुसावं लागते आणि तेव्हाच घात होते. त्याच वीस सायकली दोन-दोनच्या जोडीनं एकमेकाले चिकटून असल्या तर एका ट्रॅक्टर-ट्रॉलीएवढ्या लागतात, थांबलो, समोर खाली दिसलं, काढली गाडी. मग मधात जागा सोडा, दहा-दहाचे गठ्ठे करा, दोन गठ्ठ्यांच्या मधात एक ट्रक बसेल एवढी जागा. हे केलं तर मला कोणत्याही राइडचा त्रास नाही.

पण हायवेच्या फाट्यावर कोणी गाड्या अडवायले उभे राहू नका. शहरातल्या चौकात गाड्या हळू असतात. फाट्यावर उतार असते, मागून येणाऱ्याले पुढं काय झालं माहीत नसते. पहिला थांबेल, तिसरा धडकेल.

आणि साइडपट्टी पक्की व्हावी हे आम्हालाही पाहिजे आहे. गाडी पंक्चर झाली, टायर फुटला तर उतरवायले जागा नाही, काळ्या मातीत चाक गेलं की क्रेन बोलवावी लागते. तुमच्या निवेदनावर ड्रायव्हर लोकांच्या सह्या पाहिजे असतील तर ढाब्यावर ठेवा, मी स्वतः करून घेतो.

शाळेतली_ताई (वर्धा जिल्हा)

वरच्या दादांनी सह्यांचं म्हटलं ते फार मोलाचं आहे, ते सोडू नका. मी झेडपीत शिकवते, मला मुलींबद्दल बोलायचं आहे.

सामूहिक राइडनं काय होऊ शकते याचं सगळ्यात मोठं उदाहरण मला तरी सॅन फ्रान्सिस्कोचं वाटत नाही, आपल्याच देशातलं आहे आणि खेड्यातलं आहे. तमिळनाडूत पुदुकोट्टई नावाचा कोरडवाहू, मागास जिल्हा. १९९१ च्या सुमारास तिथं अरिवोळी इयक्कम ही साक्षरता मोहीम चालू होती आणि कलेक्टर होत्या शीला राणी चुंकत. त्यांच्या लक्षात आलं की बायांना शिकवायचं तर बायाच गावोगाव फिरल्या पाहिजेत आणि फिरायचं तर सायकल आली पाहिजे. मग अक्षरांसोबत सायकल शिकवणं सुरू झालं, बँकांकडून बायांना सायकलसाठी कर्ज मिळवून दिलं. शेतमजूर, खाणीत दगड फोडणाऱ्या, अंगणवाडीच्या, शिक्षिका, सगळ्या शिकल्या. लेडीज सायकली मिळेनात तर जेन्ट्स घेतल्या, पुढच्या दांडीवर लेकरू बसवायला त्याच बऱ्या पडतात म्हणाल्या. १९९२ च्या महिला दिनाला दीड हजारावर बाया हँडलला झेंडे लावून, घंट्या वाजवत पुदुकोट्टई शहरातून गेल्या. जिल्ह्यात लाखाच्या वर बाया सायकल शिकल्या. सुरुवातीला त्यांना लोक घाण घाण बोलत होते. एकेकटी असती तर तिसऱ्या दिवशी सायकल सोडली असती, पण एवढ्या एकदम निघाल्यावर बोलणार कोणाला?

त्या राइडमध्ये आणि शहरातल्या शौकाच्या राइडमध्ये मला फरक दिसतो तो हाच की त्या बाया दुसऱ्या दिवशीही त्याच सायकलवर पाणी आणायला, शेतमाल विकायला निघाल्या. काळ्या_मातीतला दादांचा जो मुद्दा आहे की ग्रुप घरी जातो आणि पोरगी एकटी राहते, त्याचं उत्तर तिथं आहे. ज्यांना उद्या त्याच रोडनं जायचं आहे त्याच जर राइडमध्ये असतील तर रस्ता त्यांना ओळखायला लागते, गाववाले ओळखायला लागतात, ड्रायव्हरही ओळखतात.

आपल्याकडे काय आहे बघा. मानव विकास कार्यक्रम राज्यातल्या १२५ मागास तालुक्यांत आहे, विदर्भातले बरेच त्यात येतात, आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात, दुरून येणाऱ्यांसाठी त्या निळ्या एसटी आहेत. बिहारनं २००६ पासून नववीच्या मुलींना सायकल द्यायला सुरुवात केली त्यावर मुरलीधरन आणि प्रकाश या दोघांचा अभ्यास आहे, माध्यमिक शाळेत नाव घालणाऱ्या मुली ३२ टक्क्यांनी वाढल्या असं त्यांनी मोजलं. म्हणजे सायकलनं मुलगी शाळेत येते यात शंका नाही. पण माझ्या वर्गात दर वर्षी अशा मुली असतात ज्यांची सायकल घरी गोठ्यात पडून असते. बाप म्हणतो मॅडम, हायवेनं नाही पाठवत. मग ती एसटीची वाट पाहत फाट्यावर बसते, एसटी चुकली की घरी, आणि दिवाळीनंतर कापूस वेचायला जायला लागली की मग शाळेत दिसतच नाही. २०११ च्या जनगणनेत देशातल्या ४४.८ टक्के घरांत सायकल होती. सायकली आहेत हो घरोघरी. चालवायला रस्त्याची कड नाही.

म्हणून पंप दादा, बाजाराचा दिवस नका धरू. शाळेचा दिवस धरा. आपल्या विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या शेवटी उघडतात, त्याच आठवड्यात सकाळी, मुली ज्या वेळेला निघतात त्याच वेळेला, ज्या गावांवरून निघतात तिथूनच, सगळ्यांनी सोबत शाळेपर्यंत या. मागे आईबाप, दूधवाले, तुमचा ग्रुप. जाम करायची गरज नाही. एवढ्या सायकली त्या कडेनं बसूच शकत नाहीत हे दिसणं पुरेसं आहे.

बर्डी_ते_हिंगणा

ताई, तुमचं सगळं मान्य आहे, फक्त शेवटच्या दोन वाक्यांशी मी सहमत नाही, आणि ते महत्त्वाचं आहे म्हणून परत लिहितो. कोणाला काडीचाही त्रास नाही असं आंदोलन पाहते कोण? नेदरलँड्सचं नाव आज सगळे घेतात, तिथं १९७१ मध्ये रस्त्यावर तीन हजारांवर लोक मेले, त्यात चारशेवर लहान मुलं होती. तेव्हा आईबापांनी निवेदन देऊन वाट नाही पाहिली, अपघाताच्या जागा अडवल्या, रस्ते बंद करून तिथं मुलांना खेळायला बसवलं, सायकली आडव्या टाकून लोक रोडवर झोपले. मग १९७३ ला तेलाचं संकट आलं, रविवारी कार बंद झाल्या, लोकांनी मोकळा रस्ता पाहिला आणि सगळं जुळत गेलं. पण आधी कोणीतरी अडवलं होतं. पंप दादांकडे पोचपावत्यांची फाइल आहे, म्हणजे गोड बोलून झालेलं आहे. कोलंबियाच्या बोगोटात १९७४ पासून रविवारी रस्ते सायकलसाठी मोकळे करतात, आता १२० किलोमीटरच्या वर, आणि तिथंही सुरुवात काही मंडळींनी एकत्र रस्त्यावर उतरून केली होती.

काळ्या_मातीतला

बरोबर आहे तुमचं, अडवाव लागते. पण ते आईबाप त्याच गल्लीतले होते नं? त्यायचंच लेकरू गेलं होतं. गाडीवाल्याले माहीत होतं हे बाई काहून रोडवर बसली. आमच्या गावात उद्या एखाद्या पोट्टीचा बाप रोडवर बसला तं मीच त्याच्या बाजूले बसतो, एक ट्रकवाला हॉर्न मारनार नाही. बाहेरून पिकअपमधून आलेल्या लोकानं अडवलं तं तोच ट्रकवाला शिव्या देईन. अडवाचं का नाही याच्यापेक्षा अडवणारा कोन हे पाहा लागते. ताईची गोठ मले पटली.

कचेरीच्या_बाजूचा

कायद्याचं दोन ओळीत. मिरवणूक धरली तर पोलीस स्टेशनला आधी लेखी कळवा, आणि त्या आठवड्यात जिल्ह्यात महाराष्ट्र पोलीस कायद्याचं कलम ३७, म्हणजे जमावबंदीचा आदेश, लागू आहे का ते विचारा, सणासुदीच्या आधी बऱ्याचदा असतं, मग विनापरवानगी निघालात तर शाळकरी मुलींसोबत तुम्ही अडचणीत याल.

दुसरं, निवेदन कोणाला देता ते बघा. हायवे राष्ट्रीय आहे का राज्य आहे का जिल्हा परिषदेचा, मालक वेगळा आहे, चुकीच्या टेबलावर अर्ज वर्षभर पडून राहतो. त्यापेक्षा जिल्हा रस्ता सुरक्षा समितीकडे द्या, कलेक्टर अध्यक्ष असतात, पोलीस, आरटीओ, बांधकाम सगळे एका टेबलाला बसतात, तिथं विषय आला की इतिवृत्तात नोंद होते. आणि मोटार वाहन कायद्यात २०१९ ला आलेलं कलम १९८-अ वाचून जा, रस्त्याचं डिझाइन किंवा देखभाल ठरलेल्या मानकाप्रमाणे नसल्यानं मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर जबाबदार यंत्रणेला एक लाखापर्यंत दंड आहे. मागणी मोघम लिहू नका. दुपदरी रस्त्याला पक्क्या साइडपट्ट्या म्हणजे सात मीटर डांबर आणि दोन्हीकडे दीड-दीड मीटर, एकूण दहा मीटर, असं आकड्यात लिहा. कुठून कुठपर्यंत ते किलोमीटरच्या दगडाच्या नंबरासकट.

फाट्यावरचा_पंप

सगळ्यांचे मनापासून आभार, ग्रुपमध्ये काल रात्री सगळं वाचून दाखवलं. नागपूरच्या शुक्रवारच्या राइडला आमच्यातले तिघं जातील, कॉलेजचे पोट्टे, कारण घोळका सांभाळायचा कसा, दहा-दहाचे गठ्ठे कसे करायचे हे त्यांना पाहून यायचं आहे, बर्डी दादा त्यांना जरा मागेपुढे फिरवा. बाजाराच्या दिवसाचं रद्द केलं. पोट्ट्यांना ते लगेच पटलं नाही, एकजण म्हणाला की एवढं सभ्य राहून काहीच होत नाही, त्याचंही खरं आहे, म्हणून असं ठरलं की शाळेच्या आठवड्यातली राइड झाल्यावर समितीच्या पुढच्या बैठकीत विषय आला नाही तर मग फाट्यावर बसायचं, पण तेव्हा मुलींचे आईबाप पुढे राहतील आणि त्यांनी होकार दिला तरच.

राइड आमच्या दोन खेड्यांतून सुटेल आणि हायवेवर एकत्र होईल. दूधवाल्यांशी बोलणं झालं आहे, ते सकाळचं दूध घालून परत येताना सोबत येतो म्हणाले. अडचण एकच की मुलींच्या निम्म्या सायकली बंद आहेत, कुणाची ट्यूब गेली, कुणाचे ब्रेकचे रबर नाहीत, चेन गंजली. आमच्या गावचा पंक्चरवाला आदल्या शनिवारी शाळेत बसायला तयार आहे, मजुरी घेणार नाही म्हणतो, सामानाचे पैसे आम्ही गोळा करतो. ट्यूब आणि ब्रेक शू बाविसच्या लेडीज सायकलचे लागतील, कोणाकडे ठोक भावात मिळत असतील तर सांगा. आणि ताई, तुमच्या शाळेच्या बाजूनंही त्याच दिवशी काढता येईल का, दोन जिल्ह्यांत एकदम झालं तर पेपरवाले येतील.

शाळेतली_ताई

आमच्या शाळेला मुख्याध्यापकांची परवानगी लागेल, पालक सभेत विषय ठेवते आणि इथं कळवते. मुलींना घंटी सगळ्यांच्या सायकलला लावून द्या, ती पहिली जाते.

एमएच२९_दहाचाकी

सह्यांचा कागद पाठवा, ढाब्यावर ठेवतो. लाल रिफ्लेक्टर टेपचे रोल माझ्याकडे पडून आहेत, गाडीले लावून उरलेले, शनिवारी शाळेत आणून देतो. मागच्या मडगार्डवर खाली लावा, कॅरियरवर नका लावू, दप्तर ठेवलं की झाकते.